खिसे

मोबाइलची काच कोपऱ्यात तडकलेली,
तिच्याखाली लाल गालिचा,
गालिच्यावर कुणी नटी.
नाव तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

मी आपली चष्मा पुसत बोलत सुटले:
गळा एवढा खोल घ्यायचा तर आतून कॅनव्हास लागेल,
मागे हा जो लोळतोय त्याला तीन मीटर जादा,
आणि तुमच्या उंचीला, रत्नप्रभाताई, राग मानू नका...

'गळा नको,' ती म्हणाली,
'शेपूटही नको.
हात बघ.'

हात दिसतच नव्हते.
एवढे कॅमेरे, एवढा लखलखाट,
आणि ती बाई गाऊनच्या खिशात हात खुपसून
सिन्नर फाट्यावर बसची वाट बघावी
तशी उभी.

मोजाडबाई चौतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटांच्या.
आडनावावरून पहिल्या दिवशी हसले होते म्हणे सगळे.
जाताना झडती, येताना झडती,
डबा उघडा, पिशवी उलटी, पदर झटका.
मी शिवलेल्या तिच्या एकाही ड्रेसला खिसा नाही.
एकदा मीच आपल्या मनानं लावला होता, रुमालापुरता.
तिनं तो इथेच, या स्टुलावर बसून,
माझ्याच कात्रीनं उसवला.
काही बोलली नाही. शिलाई पूर्ण दिली.

रंग ठरेना.
जांभळट दाखवला: 'नको, शंभर.'
राखाडी: 'पाचशे.'
हळदी पिवळा: 'दोनशे. ठेव आत.'
गुलाबी तागा मी काढलाच नाही,
ती नोट बंद झाली तरी तिला आठवली असती.
मेनरोडची चार दुकानं पालथी घातली दोघींनी.
शेवटी एका खालच्या फळीवर सापडला
उन्हाळ कांद्याच्या सालीचा रंग,
वर तांबूस, घडीत थोडा फिका.
तिनं तो दोन बोटांत धरून चोळला, सवयीनं,
उजेडाकडे धरला,
मग स्वतःशीच हसली.

मापं घेतली.
छाती, कंबर, खांद्यापासून घोट्यापर्यंत,
ती माझ्या वहीत होतीच, फक्त आकडे वाढत गेलेले.
पंजाचं माप मात्र मी जन्मात पहिल्यांदा घेतलं.
अंगठ्याचं टोक नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.
'खोल किती ठेवू?'
'मनगट बुडेल इतका.'
'आणि ठेवणार काय त्यात?'
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी गेटवरची.
मी टेप गुंडाळली.

जेलरोडच्या हॉलमध्ये निरोप समारंभ.
मांडववाल्याचा गालिचा, लालच,
मधे सुरकुती, कडेला कालच्या लग्नाच्या अक्षता चिकटलेल्या.
ती त्यावरून चालत आली,
सावकाश, दोन्ही हात आत.
पंखा फिरत होता, कांद्याची साल हलत होती.
मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली, बाईनंच.
फोटोवाला म्हणाला, 'मॅडम, हात बाहेर.'
मॅडमना ऐकू आलं नाही.
साहेबांनी श्रीफळ पुढे केलं तेव्हा
एक हात काढावा लागला.
दुसरा आतच राहिला,
शाल खांद्यावरून घसरेपर्यंत,
आणि घसरल्यावरही.

आता दुकानात मुली येतात,
नवे मोबाइल, नवे गालिचे,
असा स्लिट पाहिजे, अशी बाही, अशीच पाठ.
मी शिवते. पोट आहे.
पण माप घ्यायच्या आधी विचारते,
हातांचं काय करायचं ठरवलंय?
त्या एकमेकींकडे बघतात.

फोटो मशीनच्या वर लावलाय.
डावा खिसा बोटभर खाली उतरलाय.
लोकांना बाई दिसते, मला तेवढंच.
तिला अजून सांगितलेलं नाही.